लॉर्ड-लेफ्टनंट घरी येतात

हिलरी ट्रिमचा फोन आला तेव्हा जाईल्स पेनिफोल्ड स्वयंपाकघरात उभ्या उभ्या टोस्टला मार्मालेड लावत होता. हिलरी म्हणजे काउंटीच्या लॉर्ड-लेफ्टनंटचं ऑफिस सांभाळणारी बाई. राणीसाहेब काही प्रत्येक गावच्या सभागृहाची फीत कापायला येऊ शकत नाहीत, म्हणून प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, त्यांच्या वतीनं एक माणूस नेमलेला असतो. इथे तो माणूस जाईल्स होता. पगार नाही, आणि घोडा नसला तरी बुटांच्या टाचांना घोडेस्वाराचे काटे. कुठे, कधी, कुणाच्या शेजारी उभं राहायचं हे हिलरी ठरवी आणि जाईल्स मुकाट्यानं उभा राही.

एरवी समोरच्याला वाक्य पुरं करू न देणारी हिलरी आज चाचरत होती.

"सर, तो बार्नबीचा... म्हणजे क्रॉस आलाय लंडनहून."

"बरं."

"एलिझाबेथ क्रॉस," ती उगाचच म्हणाली. लढाईत गेलेल्या सैनिकाच्या घरच्यांना राणीसाहेबांकडून मिळणारा तो चांदीचा क्रॉस जाईल्सनं इतक्या घरी नेऊन दिला होता की ती डबी त्याला डोळे मिटूनही उघडता आली असती. "मी मिसेस पेनिफोल्डना विचारलं होतं, रेजिमेंटच्या कार्यक्रमात घ्यायचा की घरी. त्या म्हणाल्या, घरी."

"मग इकडेच पाठवून दे. मी देतो तिला."

"तेच तर ना, सर." तिनं डायरीचं पान उलटलेलं फोनवर ऐकू आलं. "त्यांना तो रीतसर हवाय. लॉर्ड-लेफ्टनंटच्या हातून, गणवेशात. गुरुवारी सकाळी अकराला."

"लॉर्ड-लेफ्टनंट मीच आहे, हिलरी."

"मी म्हटलं तसं त्यांना. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे."

"बरं," जाईल्स म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

हे 'बरं' आताशा त्याचं सगळ्यांना उत्तर असे. गेल्या जुलैत, अफगाणिस्तानात, हेल्मंडमधल्या एका मातीच्या रस्त्यावर, पुरलेल्या बॉम्बनं बार्नबी गेला. एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा. तेव्हापासून जाईल्स आतून बधिर होता. दाढ काढण्याआधी डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतो ना, तसं कुणीतरी त्याला सबंध शरीरभर देऊन ठेवलं होतं. हे उतरेल तेव्हा दुखेल, असं त्याला पहिले काही आठवडे वाटत होतं. मग पानगळ आली, ख्रिसमस आला आणि गेला, आणि काहीच उतरलं नाही. नोव्हेंबरात एकदा त्याचा तळहात तापलेल्या शेगडीवर टेकला, तर वास आला म्हणून त्याच्या बायकोनं, रॉझमंडनं, ओरडून हात बाजूला ओढला. दंव गोठलेलं असताना तो नुसत्या शर्टावर कुत्र्याला फिरवून आणी. आणि या सगळ्या महिन्यांत त्यानं मुलाचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. दुसऱ्या कुणी काढलं तर तो घड्याळाकडे बघे.

काम मात्र एकही चुकवलं नाही त्यानं. शाळांचे समारंभ, अग्निशमन दलाची पदकं, शंभरी गाठलेल्या म्हाताऱ्यांचे वाढदिवस, सगळीकडे हा वेळेवर हजर. काउंटीत त्याचं कोण कौतुक. "काय धीराचा माणूस आहे," असं खाटकानं रॉझमंडला ऐकवलं, तर ती अर्ध्यावर ऑर्डर सोडून दुकानातून बाहेर पडली. त्या आठवड्यात पेनिफोल्डांकडे नुसती अंडीच होती.

त्या संध्याकाळी जाईल्सला जिन्याखाली तिची बॅग दिसली. वर तिचा तपकिरी कोट घडी घालून ठेवलेला.

"गुरुवारचं आटपलं की मी फिलिपाकडे जातेय," रॉझमंड म्हणाली. फिलिपा तिची बहीण, पार उत्तरेला, स्कॉटलंडच्या सीमेजवळ राहणारी.

"किती दिवस?"

"माहीत नाही. कदाचित कायमची. जाईल्स, या घरात माझ्याशी बोलायला कुणी नाहीये."

त्यानं काहीतरी म्हणायला हवं होतं. ती थांबलीही होती त्यासाठी, जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून.

"बरं," तो म्हणाला, आणि बागेतल्या शेडमध्ये निघून गेला. तिथे तो रोजच जाऊन बसे. तेल घातलेल्या अवजारांना पुन्हा तेल घाली.

ती गेली तर काय होईल हे त्याला कळत होतं. कळत होतं, पण लागत नव्हतं. दुसऱ्याच्या घरचं ऐकावं तसं ते त्याला ऐकू येत होतं.

*

गुरुवारी सकाळी त्यानं गणवेश चढवला. गर्द निळा कोट, खांद्यांवर चांदीची कलाबूत, विजारीच्या कडेनं लाल पट्टा. त्या कोटाच्या गळ्यातला आकडा स्वतःचा स्वतःला लावता येत नाही. इतकी वर्षं तो रॉझमंड लावून देई, आणि लावताना "मान वर, मोर कुठला" असं काहीतरी पुटपुटे. आज ती खाली स्वयंपाकघरात होती. तो हनुवटी वर करून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आज नाही जमायचं," ती पीठ चाळता चाळता म्हणाली. "माझ्याकडे पाहुणे यायचेत. केक व्हायचाय अजून."

"रॉझ, हे काय चाललंय?"

"राणीसाहेबांचे प्रतिनिधी येणारेत माझ्याकडे. तू बाजूला हो, ओव्हन उघडायचाय मला."

आकडा त्यानं आरशासमोर कसाबसा लावला आणि मागच्या दारानं बाहेर पडला. गाडीशी डेनिस गॅम्बल उभा होता. निवृत्त पोलीस हवालदार, विधुर, लॉर्ड-लेफ्टनंटची गाडी हौसेनं चालवणारा. त्यानं दार उघडून सलाम ठोकला.

राणीचा प्रतिनिधी म्हणून जायचं असलं की सगळ्यांच्या शेवटी पोचायचं आणि सगळ्यांच्या आधी निघायचं, हा दंडक. पोचायचं तेही ठोक्याला. उशीर झाला तर नाचक्की, आणि लवकर पोचलं तर यजमानांची त्रेधातिरपीट, कारण लाल गालिचा अजून कुणीतरी झाडत असतं. म्हणून काउंटीतल्या प्रत्येक रस्त्यावरचा गाडी थांबवायचा कोपरा न् कोपरा जाईल्सला पाठ होता. हातमोजे घालून, टोपी मांडीवर घेऊन, वेळ व्हायची वाट बघत बसण्यात त्याचं निम्मं लॉर्ड-लेफ्टनंटपण गेलं होतं.

डेनिसनं गावाबाहेरच्या कोपऱ्यावर गाडी लावली. तिथे एक व्हॅन बेकन घातलेले पाव विकते. तो जाऊन एक घेऊन आला.

"साहेब, एक विचारू का? रागावू नका."

"विचार."

"आपण घरून निघालो आणि जातोय घरीच."

"हो."

"मग इथे कशाला थांबलोय?"

"अकरा वाजायचे आहेत अजून."

"हां, तेही खरंच," डेनिस पाव चावत म्हणाला. "लवकर गेलो तर बाईसाहेबांची पंचाईत." त्यानं बोटं कागदाला पुसली. "माझी मेव्हिस गेली ना साहेब, तर मी वर्षभर तिच्या मांजराशी भांडत होतो. दुष्ट मांजर. पण बरं होतं, निदान ओरबाडायचं तरी."

जाईल्स व्हॅनमधून निघणाऱ्या वाफेकडे बघत होता. शेजारच्या सीटवर ती डबी होती, आणि राणीसाहेबांच्या सहीचा गुंडाळलेला कागद. कुणाच्या तरी घरी जायचंय, एवढंच त्याला वाटत होतं. त्याला डॉब्जचं घर आठवलं. बार्नबी जाण्याच्या आदल्या वर्षी तिथे रॉझमंडही बरोबर आली होती. ट्रक चालवणाऱ्या केव्ह डॉब्जचा धाकटा मुलगा गेला होता. जाईल्सची एक रीत होती. तलवार गाडीतच ठेवायची, दुःखाच्या घरात कमरेला तलवार नको. डबी लगेच द्यायची नाही, टेबलावर ठेवायची. चहा घ्यायचा, केक खायचा, आणि आईला म्हणायचं, "त्याच्याबद्दल सांगा ना." मग ऐकायचं. निघता निघता वडलांची चौकशी करायची, कारण वडील बहुतेक घरी खोलीत नसतातच. केव्ह डॉब्ज मागच्या शेडमध्ये स्क्रू निवडत बसला होता. जाईल्स तिथे गेला आणि म्हणाला, "मी काही बोलत नाही. नुसता थांबतो थोडा वेळ." दोघं मिळून स्क्रू निवडत राहिले, मोठे एका डब्यात, बारीक दुसऱ्यात. परत येताना रॉझमंड गाडीत रडली होती आणि त्याचा हात तिनं घरापर्यंत सोडला नव्हता.

"साहेब, निघू या," डेनिस म्हणाला.

*

पेनिफोल्डांच्या घराचं समोरचं दार कुणी वापरत नाही. आपली माणसं सगळी स्वयंपाकघराच्या दारानं येतात. समोरची घंटा वाजली की समजावं, कुणीतरी परकं आलंय. जुलैत ती वाजली होती. लष्कराचे दोघं जण दारात उभे होते. जाईल्स त्या दुपारी कुठल्यातरी गावच्या क्रिकेट मंडपाचं उद्घाटन करत होता आणि ते दार रॉझमंडनं एकटीनं उघडलं होतं.

आता त्याच पायरीवर उभं राहून त्यानं घंटा वाजवली. आतून कुणीतरी दार ओढत होतं, पण ओल धरून लाकूड फुगलेलं. त्यानं बाहेरून खांदा लावला तेव्हा ते सुटलं.

रॉझमंडनं निळा झगा घातला होता, गळ्यात आईचे मोती. गालाला किंचित पीठ लागलेलं.

"या, लॉर्ड-लेफ्टनंट," ती म्हणाली. "तुम्ही आलात, बरं वाटलं. रस्ता सापडायला त्रास नाही ना झाला?"

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "डेनिसला ठाऊक होता."

दिवाणखान्यात तिनं शेकोटी पेटवली होती. चांगले कप काढले होते, लिंबाचा केक कापून ठेवला होता. तो पाहुण्यांच्या खुर्चीत बसला. या खुर्चीत तो पूर्वी कधी बसलाच नव्हता. तिथून बार्नबीचा फोटो थेट समोर येत होता, आणि उघड्या दारातून जिन्याखालची बॅगही. डबी त्यानं टेबलावर ठेवली. चहा घेतला. केकचा तुकडा तोंडात घातला, चव काही कळली नाही.

रॉझमंड हात मांडीवर ठेवून बसली होती. ती वाट बघत होती. कशाची, ते त्याला ठाऊक होतं. एकच वाक्य. किती तरी परक्या आयांसमोर ते सहज निघालं होतं, आणि आता ते निघत नव्हतं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. रॉझमंडनं त्याला घड्याळाकडे बघताना पाहिलं, आणि तिची नजर सावकाश बॅगेकडे वळली.

"त्याच्याबद्दल," लॉर्ड-लेफ्टनंट म्हणाला, आणि थांबला. "त्याच्याबद्दल सांगा ना."

ते जाईल्सला जमलं नसतं. पण गणवेशाला सवय होती.

रॉझमंडनं एक मोठा श्वास घेतला.

"तो हंसांना घाबरायचा," ती म्हणाली. "तुम्हाला खोटं वाटेल. बंदुकीला नाही, घोड्याला नाही, पण तळ्यावर जायचं म्हटलं की माझ्या मागे लपायचा. एकदा एका हंसानं त्याचं सँडविच पळवलं होतं. त्याला शीळ वाजवता यायची नाही. सव्वीस वर्षांचा घोडा, पण शीळ घालायला गेला की नुसती हवा. खोटं बोलला की डावा कान लाल व्हायचा, म्हणून माझ्याशी खोटं बोलायचं असलं की टोपी घालून यायचा."

"हे मला..." जाईल्स म्हणाला. हे मला ठाऊक नव्हतं, असं त्याला म्हणायचं होतं. पण पाहुण्याला ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं, म्हणून त्यानं कप उचलला.

ती बोलत राहिली. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं. मधेच हसली, मधेच नाक पुसलं, त्याच्या कपात चहा ओतला आणि ओतता ओतताही बोलत होती. जाईल्स ऐकत होता. त्याला ऐकता येतं, हे तर सगळी काउंटी सांगत होती.

"त्याचा शेवटचा फोन आला ना," ती म्हणाली, "तेव्हा त्यानं विचारलं, बाबा कुठेत? मी म्हटलं, कुठे असणार, रस्त्याच्या कडेला गाडीत बसले असतील, मांडीवर टोपी घेऊन, वेळ व्हायची वाट बघत. इतका हसला तो. हसता हसता त्याला ठसका लागला. म्हणाला, आई, इथे आम्हीही दिवसभर तेच करतो, फक्त आमच्याकडे बेकनचा पाव मिळत नाही. पुन्हा हसला. मग लाइन कट झाली." तिनं कप खाली ठेवला. "तो हसत होता, एवढं माझ्याकडे आहे. हे मला कुणालातरी सांगायचं होतं. घरात सांगायचं तर त्याचं नाव काढलं की समोरचा माणूस उठून जातो."

शेकोटीत एक लाकूड मोडलं. जाईल्स उठून उभा राहिला, कारण हीच ती वेळ असते हे त्याच्या पायांना माहीत होतं. तीही उभी राहिली. डबी उघडून त्यानं दोन्ही हातांनी पुढे धरली.

"राणीसाहेबांच्या वतीनं," तो म्हणाला, "आणि आपल्या... तुमच्या मुलाच्या सेवेबद्दल..." पुढचे शब्द रोजचेच होते. ते त्यानं पुरे म्हटले. आवाज हलला नाही.

"आभारी आहे, लॉर्ड-लेफ्टनंट," रॉझमंड म्हणाली आणि तिनं डबी घेतली.

झालं. आता त्यानं निघायचं. तो दाराशी पोचला, टोपी बगलेत धरली, आणि सवयीनं, विचार न करताच, मागे वळून विचारलं:

"आणि त्याचे वडील? कसे आहेत?"

विचारलं आणि तो तिथेच थिजला. रॉझमंडनं डबीचं झाकण मिटलं.

"मागे शेडमध्ये असतात," ती म्हणाली. "माझ्याशी बोलत नाहीत. मला त्यांचा फार राग येतो, लॉर्ड-लेफ्टनंट. आणि त्यांची काळजी वाटते. दोन्ही एकदम वाटतं, आणि मी थकलेय." ती खिडकीकडे गेली. "मी ऐकलंय की तुम्ही वडलांनाही भेटता. जाऊन बघाल का जरा? माझं तर ते ऐकत नाहीत."

*

बागेत गवतावर गोठलेलं दंव अजून तसंच होतं. जाईल्स त्यावरून चालत गेला. काटे टाचांशी किणकिणत होते. शेडचं दार त्यानं आधी वाजवलं, डॉब्जच्या शेडचं वाजवलं होतं तसं, आणि मग उघडलं.

आत कुणी नव्हतं. तेलाचा वास, ओळीनं टांगलेली अवजारं, रिकामं स्टूल.

"मी काही बोलत नाही," तो स्टुलाला म्हणाला. "नुसता थांबतो थोडा वेळ."

तो थांबला. रोज इथे बसणाऱ्या माणसाकडे त्यानं पहिल्यांदाच बाहेरून पाहिलं, आणि त्याला त्याची दया आली. असल्या बापांची त्याला नेहमीच दया येत असे. कुणाशीही न बोलणारा, घासलेलीच पाती पुन्हा घासणारा, बायकोला एकटीला दार उघडायला लावणारा हा माणूस. शेल्फवर खिळ्यांचा आणि स्क्रूंचा एकत्र डबा होता. तो त्यानं खाली घेतला, पांढरे हातमोजे काढले आणि निवडायला सुरुवात केली. मोठे इकडे, बारीक तिकडे. लोखंड बर्फासारखं झालं होतं. थोड्या वेळानं बोटांची टोकं दुखायला लागली. त्यानं बोटं तोंडाशी नेली, फुंकली, तरी दुखायची थांबेनात.

"बार्नबी," तो म्हणाला.

पुन्हा म्हणाला. मग हंसांना घाबरणारा, कान लाल होणारा, ठसका लागेस्तोवर हसणारा तो मुलगा एकदम सगळाच आत आला, आणि जाईल्स पेनिफोल्ड चांदीच्या कलाबुतीसकट त्या स्टुलावर बसला. तो रडला की नाही हे त्यालाही सांगता आलं नसतं. दात मात्र वाजत होते, गुडघे वाजत होते, काटे फरशीवर वाजत होते.

बऱ्याच वेळानं तो स्वयंपाकघराच्या दारानं आत आला. रॉझमंड पाठमोरी, चांगले कप विसळत होती. समोर बाहेर डेनिस अजून गाडीचं दार धरून उभा असेल, हे त्याच्या मनात येऊन गेलं.

"भेटले?" तिनं मागे न वळता विचारलं.

"भेटला."

"काय म्हणाले?"

जाईल्सचे दात अजून वाजत होते. जबडा ताब्यात नव्हता.

"थंडी वाजतेय म्हणाला."

रॉझमंडनं नळ बंद केला. वळून पाहिलं. त्याचे ओठ निळे पडले होते आणि तो गदागदा हलत होता. तिनं हात पुसले, जिन्याकडे गेली, आणि बॅगेवर ठेवलेला तिचा तपकिरी कोट आणून त्याच्या खांद्यांवर घातला. मग त्याच्या गळ्यातला आकडा सोडवला. कोट त्याला लहान होत होता. तरी त्यानं तो दोन्ही हातांनी पुढे ओढून घट्ट धरला.